टोकाच्या गावाची पोती

लालमहंमदभाई बेलापूरचे. बहात्तरच्या दुष्काळात ते रेशनच्या मिलोचा ट्रक चालवायचे आणि मी, कानिफनाथ, चलनं सांभाळत शेजारी बसायचो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. एरवी जनावरांनीसुद्धा तोंड फिरवलं असतं, त्या साली माणसं गोड मानून खात होती.

एका रस्त्यावर चार गावं, गावाला वीस पोती. गोदामात ऐंशी असली की भाई शीळ घालत निघायचे. साठच असली की त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं. चलनावर वीस लिहिलं की दुकानदार एकोणीस घेऊन सही करायचा नाही, त्यामुळे वाटून द्यायची सोय नव्हती. पहिल्या गावापासून, टाकेवाडीपासून, सुरुवात केली की टोकाची खडकवाडी कोरडी राहायची. तीन आठवडे हेच झालं. गोदामाच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "जे गाव आधी लागतं, त्याला आधी." साहेबांना काय, त्या रस्त्यानं जायचं नव्हतं.

खडकवाडीत भाईंची लेक रोशनबी नांदत होती.

चौथ्या आठवड्यालाही साठच. भाईंनी गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली.

"कानिफ, टोकाकडनं वाटत आलो तर? पर लोक म्हनतील, लेकीसाठी केलं. आन् खरंच लेकीसाठी करतोय का, ते मलाबी कळंना."

मलाही कळत नव्हतं. तरी मी म्हणालो, "चला टोकाकडनं."

टाकेवाडीच्या फाट्यावर पन्नासेक माणसं हात करत उभी होती. थांबलो तर पोती उतरवून घेतील, म्हणून भाईंनी नजर समोर ठेवून गाडी पळवली. पुढं मैलभर ते "चुकलं का रं?" असं विचारत राहिले.

खडकवाडीत दुकानाला कुलूप. पारावर म्हातारी बनुबाई तेवढी बसलेली.

"समदी टाकेवाडीला गेल्यात, पहाटंच," ती म्हणाली. "तुमची गाडी हितवर येतच न्हाई, तवा तिथंच आपला वाटा मागू म्हनून. दुकानदारबी गेलाय. तुमची रोशनबी लेकरू कडंवर घिऊन तीन कोस चालत गेली."

फाट्यावरच्या गर्दीतून कडेवर लेकरू घेतलेली एक बाई गाडीमागं पळत आलेली मी आरशात पाहिली होती.

भाईंनी गाडी वळवली.

"तुला दिसली व्हती का रं ती?"

"न्हाई," मी म्हणालो.