पिंजाऱ्याचा ठेका

पाय दुखले की माणूस बसून घेतो. माझे पाय दुखत नव्हते. दारात आले की जमिनीला चिकटायचे. पिंपरीला कारखान्याच्या भिंती बांधणारा मी गवंडी. आधी उजव्या हाताला कंप आला, थापी सुटली, मग चाल गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं. तो जात नाही, त्याच्यासह राहायला शिका, असंही म्हणाले. तेही सोसलं. सोसवेना ते एकच, आमच्या दिघीच्या भैरोबाच्या पायांवर डोकं टेकणं सुटलं.

देवळाच्या पायऱ्या मी चढायचो, पण गाभाऱ्याच्या अरुंद दारात पाय थिजायचे. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला. "देवानं आडवलंय तुला. कुठला तरी नवस ऱ्हायला आसंल," गुरव म्हणाला. आम्ही आठवून आठवून नवस फेडले, न बोललेलेसुद्धा फेडले. भैरोबानं नारळ सगळे घेतले, वाट काही दिली नाही. मी दारातूनच त्याचे डोळे बघायचो. इतक्या जवळून परत फिरताना जीव तुटायचा.

एका रविवारी असाच थिजलो होतो. बायकोनं मागून दंड धरला होता. देवळाच्या अंगणातल्या लिंबाखाली एक फिरता पिंजारी टेकला होता. गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव हिंडणारा, चाकणकडून आलेला, आम्हांला अनोळखी मुसलमान. त्यानं सहज आपल्या धनुकलीची, कापूस पिंजायच्या धनुष्याची, ताणलेली तात ठोकून पाहिली. टण्, टण्, टण्. आणि माझा पाय उचलला! आवाज थांबला, तसा पायही थांबला.

"अवं भाऊ, थांबू नगा!" बायको ओरडली. "वाजवा, ह्यांचा पाय उचलतोय!"

तो बावरला, पण वाजवू लागला. ठोक्यावर एकेक पाऊल टाकत मी उंबरठा ओलांडला. भैरोबाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मागायचं ठरवलेलं सगळं विसरलो. "आलो रे," एवढंच तोंडून निघालं.

बाहेर आलो तरी तो वाजवतच होता. पुरे म्हटलं, तर म्हणाला, "घरापातूर सोडतो की बाबा," आणि पुढं चालू लागला. आवाज ऐकून आळीतल्या बाया जुन्या गाद्या घेऊन दारात आल्या. तो हसून सांगायचा, "आज कापूस न्हाई, मावशी. आज बाबांना घरी न्यायचंय."

ती देवाची कृपा की नुसता योग, मला सांगता येणार नाही. तो पुन्हा आला नाही. देवळाच्या अंगणात शिरलो की नजर त्याला शोधते, आणि तो दिसला नाही की फार चुकल्यासारखं वाटतं. रोग आहे, वाढतोही आहे. आता बायको टाळ्या वाजवते, त्यावर मी चालतो. कधी गाभाऱ्याच्या दारात टाळ्यांनीही पाय हलत नाहीत. पूर्वी तिथं रडायचो, देवाशी भांडायचो. आता हात जोडतो आणि म्हणतो, भैरोबा, तुझ्या सवडीनं बोलाव, मी दारातच आहे.