न ठरलेल्या लग्नाची पत्रिका

तमाम आप्तेष्टांना कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आमच्या कन्येचा विवाह ठरलेला नाही. माझ्या नंबरवरून आलेली पत्रिका कोणीही उघडू नये. ज्यांनी उघडली असेल, त्यांनी आहेराचा विचार सोडून आधी बँकेला फोन करावा.

मजकूर माझा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला बायकोने, कारण माझ्या फोनचा ताबा तोवर दुसऱ्याच कुणीतरी घेतला होता.

रविवारची सकाळ होती आणि मी मंडईत मेथी निवडत होतो. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मेसेज आला, ‘शुभकार्यास अगत्य यावे’, खाली पत्रिकेची फाइल. कुणाचं लग्न, कुठलं कार्यालय, आणि जेवणात जिलबी की श्रीखंड, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. फाइल दाबली. फोन म्हणाला, हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, धोका होऊ शकतो. हा मला शिकवतो? मी ‘इन्स्टॉल’ दाबलं. मग त्याने माझे मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. पत्रिका दाखवायला माझे मेसेज कशाला वाचायला हवेत, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. मला पडला नाही.

पत्रिका काही उघडली नाही. अर्ध्या तासाने बायकोचा फोन आला.

“अहो, लेकीचं लग्न ठरवलंत, मला निदान मुलाचं नाव तरी सांगायचं!”

“कुणाचं लग्न?”

“तुमच्या नंबरवरून सगळ्यांना पत्रिका गेलीये. ॲप आहे ते, पत्रिका नाही. आधी नेट बंद करा, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. त्यातून ओटीपी वाचतात मेले.”

भाजीवाल्या मावशींनी न विचारता आपला फोन पुढे केला. “साहेब, मेथी राहू द्या. आधी खातं बघा,” म्हणाल्या. त्यावरून बँकेला कळवून खातं थांबवून घेतलं. मग पत्रिका कुणाकुणाला गेली ते माझ्या फोनवर पाहू लागलो आणि ताईच्या नावाशी थांबलो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला मी थोरल्या बहिणीला फोनवर फुलांचं चित्र पाठवून बोलावलं होतं. घरी जाऊन अक्षत दिली नव्हती. ती आली नाही. “फोनवर चहाला बोलावतात,” एवढंच बायकोला म्हणाली. मी म्हटलं, नाही तर नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता त्या फुलांच्या चित्राखाली, मधे एक शब्दही नसताना, आजची पत्रिका होती. तिने ती पाहिल्याच्या दोन निळ्या खुणाही होत्या.

पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, हे बायकोकडून कळलं होतं. त्यासाठी तिने ठेव मोडून पैसे खात्यात आणून ठेवले होते. फोन लावला, उचलला नाही. मंडईपासून सदाशिव पेठेतलं तिचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. सहा वर्षं मी तो बोळ टाळून लांबून जात आलो होतो. त्या दिवशी धावलो. माझ्या धावण्याला एरवी लोक हसले असते. मीही हसलो असतो.

दार तिने उघडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन. पलंगावर एक जरीची साडी काढून ठेवलेली. भाचीसाठीच असणार.

“बरा आलास. हे ‘परवानगी द्या’ म्हणतंय. कुठे दाबायचं?”

मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. नेट बंद केलं, ते ॲप काढून टाकलं. तिच्या लँडलाइनवरून बँकेला फोन केला. तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं, काही गेलेलं नाही, तरी खातं तात्पुरतं थांबवते. सरकारी सायबर मदतक्रमांकावर तक्रारही नोंदवली. हे सगळं होईपर्यंत ताई काठी धरून उभीच होती.

मग मी तिला सांगितलं की, लग्न नाही. पत्रिका मी पाठवलेली नाही.

ती पलंगावर बसली. साडीची घडी तिने पुन्हा नीट केली.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. म्हणालो, “पण ताई, तू तर फोनवरचं निमंत्रण मानत नाहीस. मग उघडलंस कशाला?”

ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून एकदम निघून गेलं,

“सहा वर्षांत भावाला सुचलं नाही, ते चोराला सुचलं!”