चुन्याचे दोन हात

आमचं वैद्यक महाविद्यालय म्हणजे पंचवटीतल्या एका धर्मशाळेच्या तीन खोल्या. नाव तेवढं दांडगं! ते सरकारी विद्यापीठात घेणार, अशी बातमी आली तेव्हा आम्ही शेवटच्या वर्षाचे अकरा जण अक्षरशः नाचलो. तपासणीला कमिटी येणार होती, आणि पत्रात एकच अट होती: विद्यार्थी असो की शिक्षक, शिकल्याचा पुरावा हवा, नसेल त्याला जागा नाही. गुरुजी म्हणाले, "येऊ देत की. आपली भिंत आहे."

रोग्याची नाडी धरून जो अचूक निदान सांगे, त्याचं नाव गुरुजी मागच्या भिंतीवर स्वतः गेरूने लिहीत. तीच परीक्षा, तेच प्रमाणपत्र. सगळ्यात वर खुद्द गुरुजींचं नाव होतं, त्यांच्या गुरूंच्या हातचं.

तपासणीच्या दोन दिवस आधी गुरुजी रोगी बघायला येवल्याला गेले आणि मला अक्कल सुचली. साहेबलोकांना ही पोपडे आलेली भिंत दाखवायची? छे, छे! मी कोरी वही आणली, सगळी नावं सुबक अक्षरात उतरवली आणि भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. काय झकास दिसत होती म्हणून सांगू!

गुरुजी परतले ते कमिटीच्या पाठोपाठच. कमिटीतल्या मुख्य डॉक्टरांनी वही चाळली. "सगळी नावं एकाच शाईत? ही तर काल लिहिलीय."

"वही कसली? भिंत बघा," म्हणत गुरुजी वळले, आणि तिथेच थिजले. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

"माझं नाव कुणी पुसलं रे?"

"मी," म्हणालो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते वहीकडे बघत म्हणाले, "अक्षर चांगलं आहे हो तुझं."

डॉक्टर म्हणाले, "मुलांची परीक्षा आम्ही नव्याने घेऊ. आणि वैद्यराज, पुरावा नसेल तर तुम्हालाही बसावं लागेल."

साठी उलटलेला माणूस! मला वाटलं, आता काठी आपटून निघून जातील. ते म्हणाले, "बसतो."

परीक्षेला माझ्या शेजारच्याच बाकावर गुरुजी होते. दौतीचं बूच काढता काढता हळूच म्हणाले, "माझ्या पेपरात डोकावू नकोस हं."

पहिला प्रश्न मला कितीतरी वेळ वाचताच आला नाही.