नाताळची मुंबई आणि सोनाबाईचा कागद

मुलांनो, तुम्ही नैरोबीहून विचारलेत, आजीने कधी नाताळ पाहिला आहे का? पाहिला आहे, एकदाच, लढाई चालू होती तेव्हा, मुंबईत. सगळे क्रमाने लिहिते. तसे लिहिले नाही तर मधले काहीतरी गाळण्याचा मोह होईल.

सकाळी शहापूरहून आम्ही बैलगाडीने आसनगाव स्टेशनकडे निघालो. आम्ही म्हणजे मी आणि सापगावची सोनाबाई. पंधरा वर्षे ती आमच्याकडे भात कांडायला येत होती. तिचा मुलगा किसन पलटणीत मोटार चालवायला लागला होता आणि ब्रह्मदेशाकडे गेला होता. आजोबा शाळेत मास्तर होते; त्याची पत्रे त्यांच्या पत्त्यावर शाळेत येत आणि मी ती तिला वाचून दाखवी. सात महिन्यांत एकही आले नव्हते.

खरे म्हणजे एक कागद आला होता. निघण्याच्या नऊ दिवस आधी, पलटणीच्या कचेरीतून, छापील, इंग्रजीत. किसन बेपत्ता आहे, अधिक चौकशी मुंबईच्या कचेरीत करावी, एवढाच मजकूर. आजोबा म्हणाले, "आजच्या आज सांग तिला." मी ऐकले नाही. मुंबईला जाऊन पक्की खबर काढू आणि काय ते एकदाच सांगू, असे मी ठरवले. सोनाबाईला म्हटले, "किसनची चौकशी करू, आणि जमले तर नाताळची शोभाही पाहू." कागद माझ्या पिशवीत होता.

आगगाडीत तिने फडके सोडले. आत तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि वेगळ्या पुरचुंडीत नव्या भाताचे पोहे होते. "ह्ये किसनचं," ती म्हणाली. "कोन त्याच्याकडं जानारा भेटला तर देऊ." सूनबाईला तिने नुकत्याच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, तेही तिने मला हसत हसत सांगितले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. भाताच्या कापलेल्या वावरांत खुंट उभे होते आणि खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या (गंजी) रचलेल्या होत्या.

बोरीबंदरला उतरून आम्ही आधी कचेरी गाठली. दाराला कुलूप होते. पहारेकरी म्हणाला, "बड्या दिनाची सुट्टी लागली बाई. आता चार दिवसांनी या." इंग्रजी शिकलेली मी, आणि नाताळात सरकारी कचेरी बंद असते एवढे माझ्या ध्यानात आले नव्हते! सोनाबाई म्हणाली, "असूं दे. सनवार सगल्यांनाच अस्तो. चला, त्येंचा सन बघू." त्या क्षणी मी तिला पायरीवर बसवून सांगायला हवे होते. मी तिला घेऊन फोर्टातल्या दुकानांकडे वळले.

शोभा मात्र खरोखर होती. काचेआड कापसाचे बर्फ पसरले होते. त्यावर लाकडी घरे, हरणे, चांदीच्या कागदाच्या चांदण्या. लढाईमुळे रोषणाईला बंदी होती, म्हणून दुकानदारांनी सगळी हौस दिवसाउजेडी दिसेल अशा रंगीत कागदांवर भागवली होती. रस्त्यावर गोरे सोजीर घोळक्याने हिंडत होते. त्यांतले कित्येक अगदी कोवळे होते. सोनाबाई प्रत्येकाच्या तोंडाकडे पाही. "ह्येंच्या आया पन वाट बगत असतील," ती म्हणाली.

बाजारात मी मनुकांचा केक घेतला. तिने तुकडा हुंगला, पुन्हा हुंगला.

"ह्यात अंडं हाय का?"

"आहे."

"मंग तुमी कशा खाता? मास्तरांना सांगन!"

आम्ही दोघी हसलो. तो केक मला कडू लागला.

एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर सुरूचे झाड शृंगारले होते आणि त्याखाली लाल डगला, पांढरी दाढी, खांद्यावर थैली अशा थाटात नाताळबाबा उभा होता. हातातली घंटी वाजवून तो मुलांना जवळ बोलावी आणि थैलीतून एकेक पुडके काढून देई. मी झाडाकडे पाहत होते. वळून पाहते तो सोनाबाई मुलांच्या रांगेत उभी, पदर सावरून, पुरचुंडी हातात धरून.

तिची चूक मला लगेच कळली. मुरबाडकडच्या जंगलवाटेने आमच्याकडे टपाल आणणारा हलकारा (पायी टपाल नेणारा) असाच येतो: खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी. घुंगरू वाजले की बायका कामे टाकून दारात येतात. तिने रांग पाहिली, घंटी ऐकली, थैली पाहिली. मी तिच्यापर्यंत पोहोचेतो तिची पाळी आली होती.

"सापगावचं हाय का रे काय? किसनचं?"

नाताळबाबाने गोंधळून तिच्या हातात एक पत्र्याची पिपाणी ठेवली. तिने ती परत केली. "ह्ये नको. कागूद दे." मागच्या दोन मडमा हसल्या. मग त्या माणसाने दाढी हनुवटीखाली ओढली. आपल्याकडचाच तरुण माणूस होता तो. स्वच्छ मराठीत म्हणाला, "मावशी, मी टपालवाला नाही. मी वसईचा. दुकानाने मला ही दाढी लावून उभे केले आहे. तुमचा मुलगा लढाईवर आहे का?"

"ब्रम्हदेशात."

"मग पत्र घरी येईल हो. तुम्हाला वाचून कोण दाखवते?"

"ही आमची बाय," माझ्याकडे बोट करून सोनाबाई म्हणाली. "आमचा कागूद हिच्याकडं येतो. ही सगलं वाचून सांगते. काय ठेवत नाय."

तो माझ्याकडे पाहून हसला. मला त्याच्याकडे पाहवेना.

बाहेर येऊन एका झाडाच्या पारावर मी तिला बसवले आणि पिशवीतून कागद काढला. तो पाहूनच तिचा चेहरा उतरला. मी सांगितले. बेपत्ता म्हणजे गेला असे नव्हे, सापडत नाही एवढेच, हेही सांगितले. ती ऐकत होती की नाही, कळले नाही. मग तिने विचारले, "कवा आला?"

"मंगळवारी. आजचा नववा दिवस."

"नऊ दिस," ती म्हणाली. "नऊ दिस मी हसत व्हते, आनि तुमी बगत व्हता."

मी म्हटले, "पक्के कळेपर्यंत तुला त्रास नको, म्हणून..."

"कागूद माजा व्हता, बाय."

मग म्हणाली, "आता त्यात हाय तसा वाचा. त्येंच्या बोलीत." भर रस्त्यावर मी तो इंग्रजीत मोठ्याने वाचला. एक शब्दही तिला समजत नव्हता, पण तिने मला मध्ये थांबू दिले नाही. शेवटी विचारले, "त्याचं नाव कुठं हाय?" मी दाखवले. त्या जागेवर तिने बोट ठेवले, आणि ते कितीतरी वेळ उचलले नाही.

गिरगावात माझ्या भावाकडे आमचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी, खुद्द नाताळच्या सकाळी, देवळांच्या (चर्चच्या) घंटा वाजत होत्या. गव्हाणीतल्या बाळाचे देखावे पाहायचे ठरले होते, ते राहिले. कचेरीत कागद दाखवायचे काम भावावर सोपवून आम्ही सकाळच्या गाडीने परतलो. आसनगावला उतरल्यावर मी म्हटले, "मी येते सापगावला. सूनबाईला दोघी मिळून सांगू."

"नको," ती म्हणाली. "माज्या सुनेला मी सांगन." आणि ती पायीच निघाली.

भावाला कचेरीत नवीन काही कळले नाही. सोनाबाई कांडायला येत राहिली. बोलणे तेच, थट्टाही पुन्हा थोडी सुरू झाली. पण त्यानंतर तिने एकही कागद माझ्याकडे आणला नाही. आजोबांना सांगून पलटणीच्या कागदांवरचा पत्ता तिने बदलून घेतला. पुढच्या भाद्रपदात दुसरा कागद आला, तो तिने तलाठ्याकडून वाचून घेतला. किसन गेल्याचे मला इतरांकडून, दोन दिवसांनी कळले. मी तिच्या दारात गेले तेव्हा तिने मला पाट दिला, पाणी दिले. कागदाचा विषय काढला नाही.

मुलांनो, तुमच्याकडच्या नाताळाचे वर्णन मला जरूर लिहा, मला ते आवडते. पण तुम्हीही आता दोन भाषा वाचता, म्हणून हे लिहिले. कोणी विश्वासाने कागद हाती दिला तर तो त्याच दिवशी वाचा, आणि पूर्ण वाचा. माझा हेतू चांगला होता. सोनाबाईने त्यावर कधी शंका घेतली नाही. तिने फक्त माझ्याकडून वाचून घेणे सोडून दिले.