थांबा मॅडम आणि माझा वर केलेला हात

थांबा मॅडमनी प्रश्न विचारला की वर्गात बराच वेळ काहीच घडत नसे. डोक्यावर पंखा कुरकुरत राही, खिडकीतून आमच्या जरीपटका वस्तीतल्या बाजाराचा गलका येत राही आणि मॅडम हातातला खडू फिरवत फळ्याला टेकून उभ्या. कुणी घाईने बोलायला गेलं की म्हणायच्या, ‘‘थांबा. मागं लोक विचार करून राहिले.’’ मागच्या बाकांवरच्या पोरांना ‘लोक’ म्हणणाऱ्या अख्ख्या शाळेत त्या एकट्याच. त्यांचं खरं नाव वेळापत्रकात होतं, आमच्या तोंडी मात्र थांबा मॅडमच.

मी पहिल्या बाकावरची आणि पहिल्या नंबरची. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत माझा हात वर. बाकीच्या शिक्षकांना त्या हाताचा केवढा आधार वाटे! थांबा मॅडम त्याच्याकडे बघून गोड हसायच्या आणि म्हणायच्या, ‘‘तुले येते वं, मले माहीत आहे. खाली ठेव, दुखंन.’’ की झालं. आठवी गेली, नववी लागली, तरी त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. आपलं चुकतंय तरी काय, हे मला कळेना. अक्षर वळणदार, वेण्या घट्ट, गृहपाठ पूर्ण. आरशासमोर उभी राहून, कोपर सरळ ठेवून हात वर करायचा सरावसुद्धा मी केला. उपयोग शून्य. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि त्यांच्या तासाला बाकी कुणाच्याही तासापेक्षा जास्त बरं वाटायचं. या दोन गोष्टींचा मेळ मला कधी बसला नाही.

वर्गात सगळे सारखे, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. नंतर त्यांनी कुणालाच सारखं वागवलं नाही. लखनच्या घरी हिंदी, त्याने विज्ञानाची उत्तरं हिंदीत दिलेली चालत. ज्याला फळा नीट दिसत नसे, तो मॅडमच्या खुर्चीत ऐटीत बसे आणि मॅडम तासभर उभ्या. एकीची परीक्षा तोंडी, दुसऱ्याला लिहायला वाढीव वेळ. माझे बाबा सरकारी कचेरीतले, नियमाबाहेर पाऊल न टाकणारे. ते तावातावाने शाळेत गेले. ‘‘सगळे सारखे म्हणता, आणि प्रत्येकाला वेगळा न्याय?’’ मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, ‘‘भाऊ, तुमच्या घरी सगळ्यायच्या पानात सारख्याच पोळ्या वाढता का जी?’’ बाबा घरी आले. जेवताना आईला एवढंच म्हणाले, ‘‘बाई हुशार आहे की चक्रम, काही ठरवता येत नाही बुवा.’’

आमच्या वर्गात वनिता होती. भिवापूरहून मामाकडे शिकायला आलेली. आल्या आल्या तिच्या गावाकडच्या बोलण्याला पोरं फिदीफिदी हसली, तेव्हापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. मॅडम तिला रोज एक प्रश्न विचारायच्या, थांबायच्या आणि ती गप्प राहिली की म्हणायच्या, ‘‘बरं, उद्या सांग.’’ जिला बोलायचंच नाही तिला रोज प्रश्न, आणि जिच्या ओठांवर उत्तर तयार तिला ‘हात खाली ठेव’. मी रडकुंडीला येई.

मग शाळेची तपासणी आली. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन युक्ती सांगितली. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे तपासणीच्या साहेबांना सगळे हात वर दिसतील आणि मॅडम उजव्यातला एक निवडतील. मॅडम हातातला खडू फिरवत ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब मागे खुर्चीत बसले. मॅडमनी विचारलं, पानं हिरवी का असतात? सगळ्यांचे हात वर. माझा उजवा तर जवळजवळ पंख्याला लागलेला. मॅडमनी वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘‘वनिता, तू सांग.’’ वनिताचा डावा हात वर होता. ती उभी राहिली. मॅडम थांबल्या. मुख्याध्यापक दारात घाम पुसू लागले, साहेबांनी घड्याळ पाहिलं, मॅडम थांबलेल्याच. शेवटी वनिता खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘मले नाही येत, मॅडम.’’

‘‘शाब्बास!’’ मॅडमचा चेहरा उजळला. ‘‘आणखी कोणाकोणाले येत नाही? लाजू नका, मी इथं काहून आहो मंग?’’ एकेक करत सगळे डावे हात खाली आले आणि पोरं उभी राहिली. साहेब बुचकळ्यात, मुख्याध्यापक लालबुंद. मॅडमनी धडा पहिल्यापासून शिकवायला घेतला, आणि वनिताने मध्येच उठून दोन प्रश्न विचारले. माझा उजवा हात शेवटपर्यंत वरच होता. त्याही दिवशी मला विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमना पाचवीवर पाठवलं. त्यांच्या जागी आलेले सर प्रत्येक प्रश्न मलाच विचारायचे. मी फटाफट उत्तरं द्यायचे आणि त्यात काहीच मजा येत नसे. मागचे बाक पुन्हा गप्प झाले, वनितासुद्धा.

आता मी स्वतः शिकवते. प्रश्न विचारून थांबते, मागच्या बाकांकडे बघते. माझ्याही वर्गात पहिल्या बाकावर एक हात असतो, आणि त्याचं काय करावं ते मला समजत नाही. कधी विचारते, कधी खाली ठेव म्हणते, आणि दोन्ही वेळा आपण कुणावर तरी अन्याय केला असं वाटत राहतं. म्हणून यंदा दिवाळीत इतवारीतल्या मॅडमच्या घरी गेले. एकच विचारायचं होतं, मला का नाही हो विचारलंत?

मॅडमना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. बोलता येत होतं, पण एकेक शब्द फार उशिरा येई. त्यांनी ‘च...’ म्हटलं की सूनबाई लगेच, ‘‘आई म्हणून राहिल्या, चहा घ्या.’’ ‘ब...’ म्हटलं की, ‘‘बसा म्हणतात.’’ बिचारी मायेनेच करत होती. पण मॅडमच्या चेहऱ्यावर मी वनिता पाहिली. पुन्हा त्यांचे ओठ हलले, सूनबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना अडवायला माझा हात नकळत वर गेला. ‘‘थांबा, वहिनी.’’

मॅडमची नजर माझ्या हातावर गेली. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. मग खूप वेळाने, ‘‘तू... सांग.’’

काय विचारायचं होतं तेच मला आठवेना. डोळे भरून आले, हात तसाच वर. वहिनी काहीतरी बोलायला गेल्या, तर मॅडमनी बोटानेच त्यांना गप्प केलं. आणि उशीला टेकून, माझ्याकडे बघत, थांबून राहिल्या.