जेवण झाल्यावर उठायचं नाही

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारचं जेवण, लालबागचं घर.
हजर: सासूबाई, माझे यजमान, आमची लेक आणि मी.
गैरहजर: धाकटे दीर आणि जाऊ. ते डोंबिवलीला राहतात. त्यांना बोलावलं नव्हतं, आणि आता वाटतं की बोलवायला हवं होतं.

मी हे लिहून ठेवते कारण मला लिहून ठेवल्याशिवाय काही सुचत नाही. किराणा असो, लग्नाचा आहेर असो की दवाखान्याची फेरी, माझ्याकडे यादी असते. त्या महिन्यात तर याद्यांचा ढीगच होता. आमची चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि डिसेंबरअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. नवी इमारत उभी राहीपर्यंत वडाळ्याला भाड्याची जागा बघितली होती. एक खोली, स्वयंपाकघर, आणि नावापुरती बाल्कनी. एवढ्या जागेत तिघंच मावतील, म्हणून सासूबाईंनी तोवर डोंबिवलीला दिरांकडे राहायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे दोघा भावांनी फोनवर ठरवलं आणि मी यादीत लिहिलं. दिरांनी त्यांच्यासाठी खोली मोकळी केली, नवा पलंगही आणून ठेवला.

याच दिवसांत लेकीचा प्रकल्प आला. ती दादरला स्पॅनिश शिकते. तिच्या सरांनी वर्गाला सांगितलं होतं की स्पॅनिश बोलणाऱ्या कुठल्याही देशाची एक रीत निवडा, चार रविवार ती घरी पाळा आणि काय झालं ते लिहा. नुसतं वाचून लिहिलेलं चालणार नाही. फणसवाडीच्या तिच्या मैत्रिणीने मेक्सिकोतल्यासारखी गेलेल्या माणसांसाठी झेंडूची आरास मांडायचं ठरवलं. एका मुलाने तिकडे सणाला काठीने फोडतात तसं कागदाचं गाढव करून त्यात गोळ्या भरल्या, आणि रविवार यायच्या आधीच वाडीतल्या पोरांनी ते फोडलं. आमच्या लेकीने निवडली सोब्रेमेसा.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"काहीच नाही. जेवण झालं की टेबलावरून उठायचं नाही. बसून गप्पा मारायच्या. स्पेनमध्ये, अर्जेंटिनात, मेक्सिकोत, सगळीकडे असतं. रविवारी तर संध्याकाळ होते. हॉटेलातसुद्धा आपण मागितल्याशिवाय वेटर बिल आणत नाही, कारण ते म्हणजे उठा म्हटल्यासारखं."

"आपल्याकडे बिल आधी येतं आणि बडीशेप मग," यजमान म्हणाले.

"आणि ताटं?"

"तशीच राहतात, मम्मी."

मी गिरगावातली. माहेरी वडील जेवल्यावर हात पार वाळेपर्यंत बोलत बसायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट बघायची. कधी एकदा हे उठतात आणि मी आवरते. म्हणून लग्न होऊन लालबागला आले तेव्हा इथली शिस्त मला फार आवडली. शेवटचा घास तोंडात असतानाच माणूस उठलेला असायचा. सासरे, नवरा, दीर, सगळेच. दहा मिनिटांत पंगत, पाच मिनिटांत ओटा स्वच्छ. ही शिस्त कुठून आली ते तेव्हा मी विचारलं नाही. चांगली गोष्ट आयती मिळाली की कोण विचारतं?

पहिल्या रविवारी मी माझ्या पद्धतीने तयारी केली. सगळी एका जागी बसणारच आहेत तर वेळ फुकट का घालवा? कागदावर विषय लिहिले. गॅसचं कनेक्शन. कपाटं कोणाला द्यायची. माळ्यावरची भांडी. आईंचं सामान डोंबिवलीला कोण पोचवणार. बांगड्याचं तिखलं आणि भात संपला आणि मी कागद उघडला. लेकीने कपाळावर डावा हात मारून घेतला.

"मम्मी, ही सोसायटीची मीटिंग नाहीये!"

"मग बोलायचं कशावर?"

"कशावरही."

कशावरही बोलायला कोणालाच जमेना. हाताला रस्सा वाळत चालला. यजमान पंख्याकडे बघत बसले. शेवटी मीच सामानाचा विषय काढला, तर दारातून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि मुलाचं ताट उचलून आत गेल्या. त्या टेबलाशी बसल्याच नव्हत्या. आमच्या पाठीमागे उभ्या राहून वाढत होत्या, नेहमीसारख्या. त्यांचं जेवण आमच्यानंतर, ओट्याजवळ खाली पाटावर. आम्ही बसा म्हणायचो, त्या नको म्हणायच्या, आणि हे इतकी वर्षं चाललं होतं की म्हणणंही सवयीचं झालं होतं.

दुसऱ्या रविवारी हाताचा प्रश्न मी सोडवला. तिकडची माणसं काट्या-चमच्याने जेवतात, त्यांचं बसणं सोपं. मी टेबलावर परात ठेवली, तांब्यात कोमट पाणी, लिंबाची फोड आणि पंचा. जागच्या जागी हात धुवा आणि बसा. लेक खूश झाली. सासूबाई मात्र परात बघून म्हणाल्या, "वरात येतली हा की काय?" पण त्या दिवशी त्या पाट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. टेबलाशी नाही, पण ऐकू येईल इतक्या जवळ.

लेक हट्टी आहे. तिसऱ्या रविवारी, म्हणजे १६ तारखेला, तिने भात, कालवण, सोलकढी सगळं आधीच टेबलावर आणून ठेवलं. वाढायला काही उरलंच नाही. चौथी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आजी, तू बसली नाहीस तर माझे मार्क जातील."

"खोटा बोलतस."

"थोडं."

सासूबाई बसल्या. खुर्चीच्या कडेवर, बस थांबली की लगेच उतरायचं असल्यासारख्या. जेवण झालं. हात धुऊन झाले. त्या सवयीने उठल्या, लेकीने त्यांच्या पदराचं टोक धरलं.

"अगो, बसान काय करू? पोट भरला मा?"

"आजी, तुला बसायला एवढा राग का येतो?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. राग नव्हता, वेडेपणा वाटत होता. याच खोलीत आधी त्यांच्या सासूबाईंची आणि मग त्यांची खानावळ होती. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार दोन वेळा जेवायला यायचे. भिंतीला पाठ लावून एक रांग आत बसलेली, दुसरी रांग बाहेर कठड्याला टेकून उभी. मधे भोंगा व्हायचा. आतला माणूस घास संपल्यावर बसून राहिला तर बाहेरचा उपाशी पाळीवर जायचा.

"बसणारो माणूस म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर बसलेलो," त्या म्हणाल्या. "मी सांगायचे, जेवलास मा? मग ऊठ. माझ्या पोरांनाही तीच सवय लावली."

यजमान हसले. "मला तर पाठीत धपाटा मिळायचा."

"तू चिवडत बसायचास."

मी टेबलाकडे बघितलं. गिरणी बंद होऊन किती काळ गेला, तिच्या जागी काचेचा मनोरा उभा आहे, आणि आम्ही अजून बाहेर कोणी उभं असल्यासारखे उठतो.

"आणि तू शेवटी जेवायचीस?" लेकीने विचारलं.

"मग काय आधी जेवू? सगळी गेली की मी आणि सासू. तव्यावरचा, कढईतला. पण बरा वाटायचा. सगळी जेवली हत, आता आपण." मग लेकीकडे बघतच पुढचं बोलल्या, पण ते आमच्यासाठी होतं. "मी डोंबिवलीक जावचंय नाय."

आमच्या घरात अवघड विषय निघाला की कोणीतरी ताट उचलतं. पहिल्या रविवारी खुद्द त्यांनीच उचललं होतं. आता यजमानांचा हात ताटाकडे गेला.

"पप्पा," लेक म्हणाली. "बसा."

त्यांनी हात मागे घेतला.

"आई, अगं सगळं ठरलंय," ते म्हणाले. "लिफ्ट आहे तिकडे. तुला स्वतंत्र खोली. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचा मी बोललंय?"

"मग त्यांचं काही चुकलं का? ती दोघं किती करतात तुझ्यासाठी."

"काय चुकला नाय. सोन्यासारखी हत दोघां." सासूबाई पदराने टेबल पुसायला लागल्या, जिथे काही सांडलं नव्हतं तिथे. "सकाळी दोघंही कामावर जातात. पोरगा कॉलेजात. ती माझं ताट वाढून वर झाकण ठेवून जाते. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर राहिले ना, रोज झाकण काढलं आणि जेवले. भाजी चांगली करते हो ती. पण मी जन्मभर शेवटी जेवले, रे. एकटी कधी जेवले नाय."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

मी व्यवहारी बाई आहे. मला आधी चटई दिसली, मग माणसं. "आई, वडाळ्याला एकच खोली आहे," मी म्हणाले. "झोपायचं कसं?"

"ह्याच एका खोलीत मी वीस माणसं जेवू घातली. तू चार माणसां निजवूक नाय शकत? एवढी हुशार मा तू?"

हा टोमणा होता आणि कौतुकही. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मी कागद आणला, आणि या खेपेला ती काही बोलली नाही. मोठं कपाट नेलं नाही तर एक पलंग बसतो. तो आईंचा. लेक आणि मी खाली, यजमान स्वयंपाकघरात. "घोरणारा माणूस ओट्यापाशीच बरा," लेकीने निकाल दिला. हे घडीचं टेबल भिंतीला लागेल. दुपारी लेक घरी असते, तीन दिवस नक्की. उरलेल्या दिवशी मी कामावरची पाळी बदलून बघेन किंवा शेजारची कोणी शोधेन. ते अजून पूर्ण सुटलेलं नाही, पण टोक सापडलं.

मग यजमान म्हणाले, "आणि त्याला काय सांगायचं? पलंग आणलाय त्याने."

दीर मनाचे हळवे आहेत. आई आपल्याकडे येणार म्हणून त्यांनी खिडकीला जाळी बसवून घेतली होती, कबुतरं नकोत म्हणून. जाऊबाईंनी मला फोटो पाठवला होता. त्यांना हे झाकण ठेवलेल्या ताटाचं कळलं तर त्या स्वतःला दोष देत बसतील, आणि दोष त्यांचा नाही. नोकरी करणारी बाई ताट झाकूनच जाणार. मीही तेच करते; इथे चाळीत आईंच्या सोबतीला शेजारणी असतात, एवढंच.

"मी फोन करतो," यजमान म्हणाले, पण उठले नाहीत.

"फोनवर नको," सासूबाई म्हणाल्या. "येत्या रविवारी दोघांका जेवूक बोलवा. जेवण होवदे. हात धुवदेत. मग मीच सांगतंय. मधेच कोणी उठाचा नाय." आणि लेकीकडे वळून, "काय म्हणतत ता?"

"सोब्रेमेसा."

"ताच."

उन्हं कठड्यावरून खाली गेली तेव्हा आम्ही उठलो. ताटांवरचं सगळं वाळून कडक झालं होतं. यजमान आणि लेकीने मिळून घासली, आणि मी, कबूल करते, मागे उभी राहून सूचना देत होते.

हे लिहितेय तो शनिवार आहे. वडाळ्याच्या मालकांना चौघं येणार असल्याचं कळवलं. मोठं कपाट खालच्या मजल्यावर दिलं. उद्यासाठी सुरमई सांगून ठेवली, दोन खुर्च्या शेजारून मिळाल्या, लिंबं आणली. जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "काही विशेष?" मी म्हटलं, "लेकीचा शेवटचा रविवार आहे, या."

दिरांना सांगायचं बाकी आहे.