पाचातला एक

वैशाखाचं ऊन सकाळी सातलाच पाठीला चावत होतं. सातपुड्याच्या अंगावर एक पान हलत नव्हतं. यावलच्या वरच्या जंगलातला, वनखात्याचा नाकेदार हिलाल नाल्याकडच्या वाटेवर उकिडवा बसून माती चाळत होता. बायकोची, मंजुळाबाईची, पिठाची चाळणी त्यानं तिला न विचारता उचलून आणली होती. चाळलेली माती तो वाटेवर पसरून भाकरी थापावी तशी थापायचा. रात्री जनावर तिच्यावरून गेलं की सकाळी पाऊल सापडायचं. मग त्यावर काच धरायची, काचेवर शाईनं पावलाची रेघ ओढायची आणि ती कागदावर उतरवायची. बहात्तर साली सरकारनं वाघ मोजायला काढले होते, ते असे.

सहा दिवस झाले होते. काचेवर यायचं ते बिबट्याचं पाऊल. पट्ट्याच्या वाघाचं, हाताचा पंजा मावून उरेल असं, एकही नाही. ते येणार नाही हे हिलालला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तो चाळत होता.

सोबत अभिमन होता, वरच्या पाड्यावरचा. शिकारीच्या दिवसांत ओरडून जनावर बंदुकीपुढं हाकणाऱ्या हाकेकऱ्यांचा म्होरक्या. वाघाची शिकार बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी ती बंदी त्याच्या गळी उतरली नव्हती.

“शिकार व्हती तवय पाड्यामा दोन टाइम चूल पेटे,” तो म्हणाला. “आते वाघ आमनी गाय खाई जास, अन् आम्ही त्याना पाय मोजतस!”

गाय खाल्ली होती बिबट्यानं. पण तिकडं बिबट्याला कोणी बिबट्या म्हणत नाही. पट्ट्याचा असो की ठिपक्याचा, बठ्ठा, म्हणजे सगळा, वाघच. हिलालची जीभही तशीच वळलेली, आणि त्यातच त्याचा घात झाला होता.

अडुसष्ट साली जळगावहून छापील कागद आला. ‘वाघ – संख्या’ असं लिहिलेलं आणि पुढं रिकामी जागा. हिलालनं पाच लिहिलं. पट्ट्याची वाघीण एक, ठिपक्याचे चार. आपल्या हद्दीत पाच, म्हणून लिहिताना छाती थोडी फुगलीसुद्धा.

त्या आकड्यावर शिकारीचा परवाना निघाला. मुंबईकडचे पाहुणे जीप घेऊन आले. मोठा पाहुणा सभ्य होता. शेकोटीपाशी त्यानं समजावून सांगितलं, “पाचातला एक म्हातारा काढला तर जंगलाचं काही बिघडत नाही. उलट पाड्याला मजुरी मिळते, सरकारला परवान्याची फी.” पाहुणा पाचही पट्ट्याचेच धरून बोलत होता; त्या घटकेला हिलालला आपली चूक कळली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर खात्याचे मोठे साहेब, पाहुणे, हातात चहाचा कप. आपलं अडाणीपण उघडं पडेल म्हणून तो तोंड मिटून बसला.

दुसऱ्या दिवशी हाका झाला आणि वाघीण पडली. पाहुण्यांनी तिची लांबी मोजायला टेप काढली नि हिलालला शेपटीचं टोक धरायला लावलं. तो फोटो अजून डाकबंगल्यात आहे. सगळे समोर बघताहेत, हिलाल तेवढा खाली.

नऊच्या सुमाराला रेंजरसाहेब आले. नवे, तरुण. त्यांनी कागद पाहिले, मग जुनी फाईल उघडली.

“अडुसष्टला पाच. परवान्यावर एक गेला. मग चार कुठं गेले?” त्यांची नजर अभिमनवर थांबली. “पाड्यावरचे लोक वाघानं मारलेल्या गुराच्या मढ्यात विष घालतात, असं ऐकतो मी. रिपोर्ट करावा लागेल.”

“साहेब, गायनी आण, आम्ही नही...” अभिमनचा आवाज चिरकला.

हिलालनं चाळणी खाली ठेवली.

“चार नव्हतेच साहेब.”

“म्हणजे?”

“वाघीण एकलीच व्हती. बाकी बिबटे. आमच्याकडं बठ्ठ्यालेच वाघ म्हणतात. मी तसंच लिखी दिधं.”

साहेबांनी फाईल मिटली. मग हळूच म्हणाले, “चूक होते माणसाची. पण ही तुला कळली केव्हा?”

इथं खोटं बोलायला जागा होती. आत्ता कळली म्हटलं असतं तर साहेबांनी पाठीवर हात ठेवला असता.

“शिकारीच्या आदल्या दिवशी,” हिलाल म्हणाला. कान तापले होते. मान वर होईना.

साहेबांनी त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता कागद पुढं केला. “तुझ्या हातानं लिही.”

हिलालनं लिहिलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि ते जीपकडं गेले.

धूळ बसल्यावर अभिमन बोलला, “नाना, वाघीणले जमनं नही, अन् तू एकलाच कागदवर चार वाघ पैदा करी दिधात!” स्वतःच हसला, मग थांबला. “हाका तं मीच उठाडा व्हता. तवयच सांगतास तं?”

 हिलालनं चाळणी उचलून झटकली. तिच्या भोकांत लाल माती घट्ट बसली होती. आज मंजुळाबाई बोलणार होती. आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या जाळरेषेवर सागाचा पाला गुडघाभर साचलेला. वणवा लागायच्या आत ती पट्टी साफ करायची होती. चाळणी झाडाला अडकवून त्यानं फोकांचा झाडू घेतला आणि पाला लोटायला लागला.